रंगकाम झालेल्या पद्मिनीचं वायरिंग घरीच करावं की वायरमनकडे द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९७९ ची प्रीमियर पद्मिनी घरच्या शेडमध्येच नव्याने उभी करताय, पत्राकाम आणि रंग झालाय, जुनं वायरिंग हात लावला की तुटतंय. बाजारातून तयार हार्नेस (गाडीच्या सगळ्या वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा) आणून वायरमनकडून बसवून घ्यावा, की स्वतः करावं?

स्वतः करा. मल्टिमीटर वापरता येत असेल आणि घाई नसेल तर पद्मिनी ही वायरिंग शिकायला फार चांगली गाडी आहे. बॅटरी, डायनमो, सेल्फ, कॉइल, दिवे, वायपर, हॉर्न आणि दोन-तीन मीटर, एवढाच पसारा. कुठे कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. सगळा डायग्राम एका कागदावर मावतो. मी पेशाने वायरमन नाही, पण माझी १९८२ ची पद्मिनी मी अशीच घरी केली आणि नंतर मित्रांच्या गाड्यांवरही काम केलं. त्यातून एक मत पक्कं झालंय. जुन्या गाडीत वायर क्वचित दगा देते. दगा देतात ते जोड आणि अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट). आणि तुमच्या गाडीला तर नुकताच नवा रंग लागलाय, म्हणजे अर्थचा प्रश्न तुमच्याकडे दुप्पट आहे.

तो असा. गाडीत प्रत्येक दिव्याला जाणारी वायर एकच असते. परत येणारा करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला येतो. तुम्ही बॉडी खरवडली, प्रायमर मारला, वर रंगाचे थर दिले. आता टेललॅम्पचा धातूचा भाग जिथे पत्र्याला टेकतो तिथे मध्ये रंग आहे, आणि रंग वीज वाहू देत नाही. फ्यूज बॉक्सपासून बल्बपर्यंत नवीकोरी वायर ओढली तरी दिवा मिणमिणणार. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटणार, इंडिकेटर दिला की पार्किंग लाइट लुकलुकणार. असा भुताटकीचा प्रकार दिसला की वायर उकलत बसू नका. त्या दिव्याला अर्थ मिळत नाहीये, म्हणून करंट शेजारच्या फिलामेंटमधून परतीची वाट काढतोय.

म्हणून वायरला हात लावायच्या आधी अर्थचे सगळे बिंदू तयार करा. दोन्ही हेडलाइट, दोन्ही टेललॅम्प, नंबरप्लेटचा दिवा, हॉर्न, वायपर मोटर, पेट्रोलच्या टाकीतलं गेजचं युनिट, डॅशबोर्डच्या मागचा बिंदू. प्रत्येक ठिकाणी बोल्टभोवती रुपयाच्या नाण्याएवढा रंग पॉलिश पेपरने काढून पत्रा चकाकेपर्यंत घासा. लग (वायरच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) आणि पत्रा यांच्यामध्ये स्टार वॉशर घाला, त्याचे दात धातूत रुततात. घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा किंवा रंगाचा हात द्या. क्रम महत्त्वाचा आहे: आधी जोड, नंतर ग्रीस. एवढ्या मेहनतीने केलेल्या रंगावर पॉलिश पेपर चालवायला जीवावर येतं, मला माहीत आहे. पण ते डाग लॅम्पच्या मागे झाकले जातात.

सगळ्यात मोठा अर्थ इंजिनचा. पद्मिनीचं इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलं असतं. त्याला जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. एका मित्राच्या गाडीत इंजिन उतरवून परत बसवताना ही पट्टी लावायची राहून गेली होती. सेल्फ मारला की तो कण्हत कण्हत अर्धा फेरा फिरायचा. बॅटरी बदलली, सेल्फ खोलून ब्रश बदलले, फरक नाही. मी स्टेपनीवर हात टेकून बघत होतो, त्याने पुन्हा चावी फिरवली आणि डॅशखालून प्लास्टिक जळाल्याचा वास आला. चोकची केबल जिथे फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) आत येते तिथे तिचं आवरण मऊ होऊन पत्र्याला चिकटलं होतं, आणि चोकचा नॉब धरवत नव्हता. सेल्फ १०० अँपियरच्या वर करंट खेचतो. त्याला परत जायला पट्टी नव्हती, म्हणून तो कार्ब्युरेटरवरून चोकच्या बारीक तारेतून बॉडीला जात होता. पट्टी लावली आणि त्याच जुन्या बॅटरीवर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. तुम्ही ही तपासणी अशी करा: मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला तर पट्टी किंवा तिचे जोड कमकुवत आहेत.

डायनमोचा रेग्युलेटर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे कटआउट म्हणतात तो डबा, याचंही तसंच. त्याच्या बुडाला पत्र्याचा अर्थ नीट मिळाला नाही तर आतल्या कॉइलला व्होल्टेज कळतच नाही आणि डायनमो बेलगाम चार्ज करत सुटतो. बॅटरीचं पाणी उकळतं, बल्ब उडतात, आणि लोक डायनमोला दोष देतात. रंगवलेल्या गाडीत कटआउटच्या स्क्रूखालचा रंग खरवडणं विसरू नका. इंजिन थोडं वर चढवल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत.

आता तयार हार्नेसचं. पद्मिनी या नावाने गाडी १९७४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडायला लागली, त्याआधी तीच फियाट ११०० डिलाइट म्हणून ओळखली जायची. इतकी वर्षं ती बनत राहिली की मधल्या काळात स्विच, मीटर, दिवे बदलत गेले. त्यामुळे ‘पद्मिनीचा हार्नेस’ म्हणून जो मिळतो तो तुमच्याच सालच्या गाडीचा असेल याची खात्री नाही. शिवाय मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, म्हणजे या मालाची रोजची मागणी संपली. मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला किंवा पुण्यात नाना पेठेत चौकशी केलीत तर हार्नेस मिळेलही. घेण्याआधी एका वायरचं टोक कापून बघा. आतून पांढरं दिसलं तर ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार आहे. ती घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

माझा सल्ला, जुन्या हार्नेसवरून नवा स्वतः बनवा. जुना कितीही सडलेला असला तरी तो कापून फेकू नका, तोच तुमचा नकाशा आहे. गाडीत असतानाच प्रत्येक टोकाला मास्किंग टेपची चिठ्ठी लावा आणि पर्मनंट मार्करने लिहा: ‘डावा हेडलाइट, डिपर’, ‘सेल्फ’, ‘कॉइल’. बॉलपेनने लिहिलेलं महिनाभरात पुसतं. मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक स्विचच्या मागचे वेगळे. मग अख्खा हार्नेस सांभाळून बाहेर काढा आणि आठ बाय चारच्या प्लायवर पसरवा. जिथे फाटा फुटतो तिथे खिळे ठोका, टोकं जिथे संपतात तिथे खिळे ठोका. आता या खिळ्यांवरून नवी वायर ओढली की लांबी आपोआप बरोबर येते. प्रत्येक टोकाला थोडी जास्तच ठेवा, कापता येते, वाढवता येत नाही.

नकाशा काढताना एक गोष्ट नक्की आढळेल. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत गाडीत कोणी ना कोणी काही ना काही टोचून ठेवलेलं असतं. कॅसेट प्लेअर, पंखा, गाडी मागे घेताना गाणं वाजवणारा रिव्हर्स हॉर्न, कधी गॅस किटचा स्विच. ही वायर मूळ हार्नेसला सोलून, पीळ देऊन, वर टेप गुंडाळून जोडलेली असते. ती सगळी ओळखून वेगळी करा, नव्या हार्नेसमध्ये तिची नक्कल उतरायला नको.

वायर कोणती? घरातली एक-तारी कडक वायर अजिबात नको, ती थरथरीने तुटते. घरगुती मल्टिस्ट्रँड वायर बरेच जण वापरतात, पण तिचं साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचं असतं आणि इंजिनजवळ तेवढी उष्णता सहज होते. ऑटो वायरच घ्या, जास्त तापमानाची. इंडिकेटर, पार्किंग, मीटर यांना एक एमएम (इथे सगळीकडे एमएम म्हणजे चौरस मिलिमीटर) पुरते. हेडलाइट आणि हॉर्नला दीड ते अडीच. डायनमोची मुख्य वायर चार किंवा त्याहून जाड, आणि सेल्फची केबल २५ एमएमच्या खाली नको. रंग जितके मिळतील तितके वेगवेगळे घ्या. लाल-काळ्या दोनच रंगांत केलेलं वायरिंग पुढच्या माणसावर अन्याय आहे, आणि पाच वर्षांनी तो पुढचा माणूस तुम्हीच असता.

जाडीचा हट्ट का, ते हेडलाइटच्या हिशेबात कळतं. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे सुमारे १० अँपियर. एक एमएम तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०१७५ ओहम. बॅटरीपासून चावी, चावीपासून लाइटचा स्विच, तिथून डिपर, तिथून पुढे दिवा, अशी पाच मीटर वायर सहज होते. म्हणजे वायरमध्येच पाऊण व्होल्टच्या वर गेलं, त्यात जुन्या स्विचच्या काळ्या पडलेल्या पत्त्या आणखी खातात. आणि बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, कितीतरी वेगाने कमी होतो: व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड जवळपास तीस टक्के घटतो. ‘पद्मिनीचे दिवे पिवळेच असतात’ असं जे म्हणतात त्याचं कारण हे आहे. त्यावर १०० वॅटचे बल्ब लावणं हा उपाय नाही, त्याने स्विच जळतो.

उपाय रिलेचा, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा. डिपरला एक, अप्परला एक. स्विचने फक्त रिलेची कॉइल ओढायची, तिला दोन-दशांश अँपियरसुद्धा लागत नाही. रिलेवर आकडे असतात: ३० ला बॅटरीची जाड वायर, ८७ वरून दिव्याकडे, ८६ ला स्विचची वायर, ८५ ला अर्थ. ३० ची वायर बॅटरीकडून निघते तिथेच वीतभर अंतरात फ्यूज घाला. डाव्या आणि उजव्या दिव्याचे फ्यूज वेगळे ठेवा. रात्री वरंधा घाटात फ्यूज उडाला तर निदान एक दिवा राहतो. रिले बॅटरीच्या मागे लपवता येतात. मूळ रूप बिघडेल ही चिंता असेल तर सांगतो, २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विंटेज नोंदणीसाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी असावी लागते आणि त्यात चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिनमधल्या बदलांवर बोट ठेवलंय. तुमच्या गाडीला अजून थोडा अवकाश आहे, पण मूळ फ्यूज बॉक्स आणि स्विच तसेच ठेवले तर तेव्हाही कुणी हरकत घ्यायचं कारण नाही.

मूळ फ्यूज बॉक्सबद्दल: त्या जुन्या फियाट पद्धतीच्या निमुळत्या फ्यूजवर धातूची पट्टी उघडी असते आणि तिची टोकं स्प्रिंगच्या पत्तीत धरलेली असतात. पत्ती गंजली की तिथे गरम होतं आणि फ्यूज न उडताच प्लास्टिक वितळतं. पत्त्या घासून स्वच्छ करा, थोड्या आत वाकवून पकड घट्ट करा. आणि हे ध्यानात ठेवा की या पिढीच्या फियाटमध्ये सगळंच फ्यूजमधून जात नाही. इग्निशन, सेल्फ आणि चार्जिंगच्या वायरला फ्यूज नसतो, म्हणजे फायरवॉलच्या धारेवर ती वायर घासली तर थांबवणारं काही नाही. पत्रा नवा टाकला असेल तर भोकांच्या कडा सुरीसारख्या असतात. प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट हवाच. फ्यूज निवडताना दिवा किती वॅटचा हे पाहू नका, वायर किती जाड ते पाहा. फ्यूज वायरला वाचवतो: एक एमएमला १० अँपियर, दीडला १५, अडीचला २०.

जोडांबाबत माझं मत पक्कं आहे: क्रिम्प, म्हणजे लग वायरवर दाबून बसवणं, तेही चांगल्या पकडीने. सोल्डर केलं की कथील तारेत वर चढतं आणि जिथे ते संपतं तिथे वायर ताठ होऊन थरथरीने मोडते. चांगली क्रिम्पिंग पकड हेच या कामातलं महागडं हत्यार, त्यात पैसे वाचवू नका. लग दाबल्यावर वायर जोरात ओढून बघा, निघाली तर कापून पुन्हा. वर हीट श्रिंक. जुन्या वायरला नवी जोडायच्या भानगडीत पडू नका. सोलल्यावर आतलं तांबं काळं दिसलं तर ते आवरणाच्या आत दूरवर काळं असतं, मुंबई-कोकणातल्या गाड्यांत तर हमखास.

सुरुवात मागच्या दिव्यांपासून करा. ते सोपे आहेत आणि चुकले तरी इंजिन अडत नाही. मग पुढचे दिवे, हॉर्न, वायपर, शेवटी इग्निशन आणि चार्जिंग. एक सर्किट पूर्ण करा, तपासा, मग दुसरं. सगळं तपासून होईपर्यंत हार्नेस सुतळीने सैल बांधून ठेवा, टेप गुंडाळू नका. आणि शेवटी गुंडाळाल तेव्हा स्वस्त टेप नको, आपल्या उन्हाळ्यात तिचा डिंक पाघळतो. फ्लेक्झिबल पाइप किंवा काळी पीव्हीसी स्लीव्ह घाला.

पहिल्यांदा बॅटरी थेट जोडू नका. निगेटिव्ह केबल आणि बॅटरीची खुंटी यांच्यामध्ये ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब घाला. चावी बंद, सगळे स्विच बंद, दारं बंद. बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण करंट दोन अँपियरच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे काही जळणार नाही. एकेक फ्यूज काढत जा, ज्याने बल्ब विझेल ते सर्किट. मंद पेटला तर आतला दिवा किंवा कसलं तरी घड्याळ चालू आहे. अजिबात पेटला नाही तर पुढे जा. मग चावी चालू करून तपासताना कॉइलची वायर काढून ठेवा, कारण डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असतील तर इंजिन बंद असताना कॉइलमधून सतत तीन-चार अँपियर जात राहतात आणि ती तापते. आणि काम करताना नेहमी निगेटिव्ह आधी सोडवा, शेवटी जोडा. पाना पॉझिटिव्हवर असताना बॉडीला टेकला तर काय होतं ते बघायची वेळ येऊ नये.

डायनमो ठेवावा की मारुतीचा अल्टरनेटर बसवावा, हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. गाडी रविवारी सकाळी फिरवायची असेल तर डायनमो ठेवा, तो चांगला चालतो. फक्त इंजिन आयडलवर असताना तो जवळजवळ काही देत नाही. आणि बॅटरी बदलून किंवा कटआउट सोडवून बराच काळ गेला असेल तर त्याच्या फील्डला क्षणभर बॅटरी दाखवून ध्रुवता पक्की करावी लागते. रात्रीचा प्रवास आणि पावसात वायपर, दिवे एकत्र चालवायचे असतील तर अल्टरनेटर बरा. मग मुख्य वायर जाड करा, जुना कटआउट सर्किटमधून पूर्ण बाजूला काढा, आणि डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवा जागेवर ठेवाच. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो, बल्ब उडाला तर चार्जिंगच सुरू होत नाही. एलईडी इंडिकेटर लावणार असाल तर जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) त्यावर नीट चालत नाही, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या.

सगळं झाल्यावर एका संध्याकाळी इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, आधी बॅटरीवरचं व्होल्टेज मोजा आणि मग हेडलाइटच्या बल्बच्या मागच्या दोन टोकांमध्ये मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून दुसरं दिव्याच्या अर्थला लावा, मग पॉझिटिव्ह बाजूने तसंच एकेक जोड तपासत या. तुमच्या गाडीत सध्या डायनमो आहे की कोणी आधीच अल्टरनेटर बसवलाय ते आणि डॅशच्या मागचा एक फोटो टाका, कुठली वायर कुठे जाते ते मी खूण करून देतो.